कोंबडीचा डावा पाय

शनिवार, संध्याकाळ. नारायण पेठ.

सुमतीबाईंचे आभार मानायचे राहूनच गेले. निदान इथे तरी मानतो.

माझ्या संग्रहातलं सगळ्यात जुनं कार्टूनचं रीळ, जेमतेम पाच मिनिटांचं. सगळं हातानं काढलेलं, एकेका पावलाला दहा-बारा चित्रं. त्यातली कोंबडी डावा पाय जरा ओढत चालते. येईल त्याला मी ऐटीत सांगायचो, "इथे चित्रकाराचा हात चुकलाय बघा. अशा चुकांमुळेच जुन्या रिळांना भाव येतो." काय पण जाणकार मी!

आज त्या चित्रकाराच्या पत्नी, सुमतीबाई, सुनेबरोबर कर्वेनगरहून आल्या. दिवंगत नवऱ्याचं हे काम त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. दारापासून खुर्चीपर्यंत त्या चालत गेल्या आणि मी त्यांच्या पावलांकडे बघतच राहिलो. डावा पाय. तस्साच. लहानपणापासूनच असा आहे, सून म्हणाली.

आता दाखवावं की नाही? बाईंना लागलं तर? प्रोजेक्टरची वायर उगाच काढली, पुन्हा लावली.

"अहो, लावताय ना? की नुसत्या सरबतावरच बोळवण?" बाईंनीच विचारलं.

लावलं. भिंतीवर कोंबडी आली. पाय ओढत, पण मान ताठ, मागे पिल्लांची रांग. बाई खुर्चीतच पुढे झुकल्या. मग पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या.

"आणि मला म्हणायचे, कामावर तुझी आठवण काढायला वेळ कुठे असतो!"