मॉनिटर लहानच घे

प्रिय दादा,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, दाराखालून सरकवून जाईन. फोन केला की तू "गाडीवर आहे, मग बोलतो" म्हणतोस आणि समोर बसलं की सगळं हसण्यावारी नेतोस. कागदावर तुला तसं करता येणार नाही. वहिनी बाजारात गेल्यावर वाच.

मॉनिटर अजून घेतलेला नाही. तू दिलेले पैसे आणि माझे, दोन्ही तसेच आहेत. पोरगा माझ्याशी खोटं बोलतोय असा मला संशय आला होता. त्याचा माग काढता काढता मी भलत्याच दारात जाऊन उभी राहिले. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. दिवसभर दिव्याखाली कापड पसरायचं आणि सुटलेला धागा शोधायचा, ही माझी नोकरी. घरी आले तरी नजर तीच राहते. तुझा भाचा बरेच दिवस कुरकुरत होता की जुना मॉनिटर संथ आहे. खेळात शत्रू बाजूने येताना दिसतच नाही, एकदम समोर उभा असतो आणि तोवर हा मेलेला. बरोबरची पोरं त्याला 'झापड्या' म्हणतात. त्याच्या हेडफोनमधून त्यांचं ओरडणं मला ओट्यापाशी ऐकू येतं. झापड्या, डावीकडे बघ, अरे डावीकडे, झोपलास का. त्याचं म्हणणं, जुना पडदा सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो, नवे एकशे चव्वेचाळीस वेळा बदलतात, म्हणून ती पोरं जिंकतात. मला वाटलं, हरणाऱ्याला कारण लागतंच. मग वाटलं, मॉनिटर हे नुसतं नाव असेल, पैसे दुसरीकडे जायचे असतील. त्याचे खिसे पाहिले, कपाट पाहिलं. काहीच सापडलं नाही, त्यामुळे संशय आणखी वाढला.

दुकानात आम्ही दोघे गेलो. आपल्या पैशांत बसणारे तीनच होते. एक मोठा, कडांनी आत वळलेला, एक मधला आणि एक लहान. विक्रेता गळ्यात ओळखपत्र घातलेला, बोलण्यात पटाईत. ताई, मोठा घ्या, पुन्हा या पैशांत मिळायचा नाही, हल्ली तर लोक दरवाजाएवढा मागतात. आणि आपल्या चिरंजीवांनी लहानावर बोट ठेवलं. वेग तिन्हींचाही सारखा होता, म्हणजे वेगाचा प्रश्नच नव्हता. त्या वयाचा पोरगा त्याच पैशांत लहान वस्तू मागतो, हे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. विक्रेत्यानेही नव्हतं. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं की मुलाची तब्येत बरी आहे ना. मला वाटलं, हे दोघं मिळून काहीतरी करताहेत, लहानावर दलाली जास्त असेल आणि 'मोठा घ्या' हे बोलणं वरवरचं असेल. मी हट्टाने त्याला मोठ्यासमोर बसवलं. लांबलचक भिंतीवरची पाटी वाचावी तसा तो मान फिरवत राहिला, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग त्याने खुर्ची मागे सरकवली, आणखी मागे सरकवली, आणि शेवटी मागच्या फ्रिजला टेकला. बाहेर पडताना दाराशी उभ्या असलेल्या जाहिरातीतल्या पुठ्ठ्याच्या बाईला धडकला आणि तिला "सॉरी" म्हणाला. विक्रेता हसला. मीही हसले.

घरी आल्यावर हसू राहिलं नाही. तो जेवताना पुस्तक वाचत होता. मी पाण्याचा ग्लास त्याच्या कानाच्या रेषेत धरला आणि हळूहळू पुढे नेत राहिले. तो वाचतच होता. ग्लास पार पुस्तकाच्या कडेपाशी आला तेव्हा दचकला. म्हणाला, आई, तू कुठून उगवलीस? खेळातल्या शत्रूबद्दल तो हेच म्हणायचा.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवलं. आत कुठेकुठे ठिपके उजळतात, दिसला ठिपका की बटण दाबायचं. बाहेर बसून मी बटणाचा आवाज ऐकत होते. बराच वेळ आवाज यायचाच नाही. त्याची समोरची नजर स्वच्छ आहे, पाटीवरची शेवटची ओळसुद्धा वाचतो. नजरेच्या कडा गेल्या आहेत, अंधारातलं दिसणंही कमी झालंय. गेलेल्या परत येत नाहीत. राहिलेल्या किती टिकतील ते माणसागणिक वेगळं. बाई म्हणाल्या की हा आजार बायकांच्या हातून येतो आणि पुरुषांवर बसतो. माझ्या हातून आला. त्यावर मी इथे काही लिहीत नाही.

मग त्यांनी विचारलं, तुमच्या आईकडचे पुरुष कसे आहेत? मी म्हटलं, आईचा भाऊ दिवेलागणीनंतर उंबरा ओलांडत नसे, आम्ही त्याला शिस्तीचा समजायचो. आणि तुमचा सख्खा भाऊ? मी म्हटलं, तो ठणठणीत आहे, शहराची बस चालवतो. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, दिवसा की रात्री?

दिवसा, दादा. रात्रपाळी तू पाठीचं कारण सांगून सोडलीस. तुझी पाठ दुखताना मी कधी पाहिली नाही. जेवायला बसताना तू नेहमी भिंतीच्या टोकाला बसतोस, म्हणजे माणसं एकाच बाजूला राहतात. संध्याकाळी चालताना वहिनीच्या खांद्यावर हात असतो. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हात सुटत नाही, म्हणून आम्ही सगळ्यांनी तुमची किती चेष्टा केली. वहिनी लाजायची. आता मला तिच्या लाजण्याचाही संशय येतो. आणि तो स्कूटरवाला. तुझ्या गाडीच्या डाव्या अंगाला घासत गेला, त्याचा पाय मोडला. तो अचानक कुठून आला कळलंच नाही, असं तू आमच्या घरी चहा पिताना सांगितलंस. आम्ही सगळे त्यालाच नावं ठेवत होतो.

दवाखान्यातून परतताना मी पोराला विचारलं, लहान मॉनिटर घ्यायचं तुझ्या डोक्यात आलं कुठून? तो म्हणाला, मामाने सांगितलं. पैसे देताना मामा म्हणाला होता, लहानच घे आणि लांब बस, सगळं एका नजरेत मावतं, आईला मात्र सांगत बसू नकोस.

दुकानदारावर, पोरावर, मी सगळ्यांवर संशय घेतला. तुझ्यावर घेतला नाही.

म्हणजे तुला तुझं ठाऊक होतं. त्याचंही ओळखलं होतंस. आणि त्याला डॉक्टरकडे ने म्हणायच्या जागी तू त्याला निभावून न्यायचं कसं ते शिकवलंस. तू बोलला असतास तर माझा पहिला प्रश्न तुझ्या गाडीचा असता, हे तुला कळत होतं. घर तुझ्या पगारावर चालतं, ते मलाही कळतं. माझी चूक होत असेल तर त्या घुमटात बसून ये. तुझ्या बटणाचा आवाज मला ऐकू दे, मी पाया पडून माफी मागेन.

आज तुझी सुट्टी आहे आणि उद्या सकाळी पहिली पाळी. हे पत्र त्या पाळीसाठी लिहिलं आहे. तू उद्या गाडीवर बसायचं नाहीस. रजा टाक, पाठीचं कारण सांग, डेपोत ते चालतं. बाईंकडे उद्याचीच तुझी वेळ घेतली आहे, मी पाळीच्या आधी तुला न्यायला येते. दार उघडलं नाहीस तर तशीच डेपोत जाईन आणि तुझ्या साहेबांसमोर बसेन. त्यानंतर तू माझ्याशी बोलणार नाहीस, हे धरूनच मी निघणार आहे. भाच्याला तुझं काही सांगितलेलं नाही. त्याला अजून वाटतं, मामाला मॉनिटरमधलं कळतं. खरं काय ते त्याला तू सांग. माझ्याकडून ऐकायची वेळ त्याच्यावर आणू नकोस.

तुझीच,
बारकी