गाडी चार बोटं खाली

३ एप्रिल
गाडी चार बोटं खाली बसवली. नव्या आखूड स्प्रिंगा, नवी रुंद चाकं. अख्ख्या लेअर गावात काय, जर्मनीत अशी दुसरी नाही. जुन्या स्प्रिंगा आणि चाकं दुपारीच विकून टाकली. परतीचे दोर कापले की माणूस नेटानं लढतो.

लेकीचं, विबकेचं, लग्न २० जूनला. नोंदणी कार्यालयातून नवरा-नवरीला मागच्या सीटवर बसवून मीच हॉलवर नेणार, असं तिला फोनवर सांगून टाकलं. तिची आई घर सोडून गेली त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून पोरीनं माझ्याकडे काही मागितलेलं नाही. हेही मागितलं नव्हतं. एवढंच म्हणाली, बाबा, गाडी कागदावर पास आहे ना? नसली तर राहू दे, हाइनो नेईल.

हाइनो म्हणजे तिच्या आईचा नवा नवरा. त्याच्याकडे व्हॅन आहे. व्हॅन.

पास करायला एक सकाळ पुरे.

९ एप्रिल, सकाळ
तपासणी केंद्र. तिथल्या तपासनीस ओल्टमान्सबाई म्हणाल्या, स्प्रिंगांचं प्रमाणपत्र आहे, चाकांचंही आहे, पण दोन्ही एकत्र चालतील असं कुठंच लिहिलेलं नाही. मी म्हणालो, दोघं चांगल्या घरचे आहेत, नांदतील. बाई हसल्या नाहीत. पास होईपर्यंत गाडी फक्त तपासणीपुरती रस्त्यावर आणायची, असं बजावलं.

२८ एप्रिल
बाईंनी मागच्या सीटवर वाळूच्या गोण्या रचल्या आणि एक चाक ठोकळ्यावर चढवलं. मागचं चाक मडगार्डला घासलं. किंचित. मी म्हणालो, वाळू ओली असेल. त्या म्हणाल्या, मागे तीन माणसं बसली की एवढंच वजन होतं. माणसं जाड झाली यात माझ्या गाडीचा काय दोष?

६ मे
मडगार्डची कड आत वळवून घेतली. रंगाला तडे गेले. लांबून दिसत नाहीत. लग्नात जवळ कोण येतंय.

१९ मे
परत घासलं. बाई म्हणाल्या, सरळ मूळ स्प्रिंगा घाला. ज्याला विकल्या त्याला फोन केला. म्हणाला, देणार नाही, फार झकास चालतात. मूळच्याच, त्यामुळे त्याला कुठं पास करून घ्यायचीही कटकट नाही.
आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे तीन कप चहा प्यायलो. खडीसाखरेसकट.

२ जून
विबकेचा फोन. झाल्यातच जमा आहे म्हणालो. ती म्हणाली, मला गाडीचं काही नाही रे बाबा, तू वेळेवर ये म्हणजे झालं. पोरीला गाडीतलं काही कळत नाही.

१२ जून
पास. तोड बाईंनीच काढली. मागची सीट पट्ट्यांसकट काढा, कागदावर गाडी दोन माणसांची करू, म्हणजे गोण्यांचा प्रश्नच मिटला. जागच्या जागी सीट उपटून दिली. शिक्का बसला. शेवटी जिद्दीपुढं सगळे नमतात.

१२ जून, संध्याकाळ
दोन माणसांची. त्यातला एक मी.

१३ जून
विबकेला कळवलं. नवरीनं मागे बसण्यातच शोभा असते, तेव्हा हाइनोलाच सांग, असं समजावलं. ती बरं म्हणाली. समजूतदार आहे.

२० जून
नोंदणी कार्यालयासमोर गाडी लावली. एकानं वळून पाहिलं. तो पार्किंग शोधत होता.

जावई यर्न बाजूला येऊन म्हणाला, त्या दिवशी तुमचा फोन ठेवून ही रडली. मला म्हणत होती, बाबानं नुसतं विचारलं असतं तर तू व्हॅनमधून गेला असतास आणि मी त्याच्याशेजारी पुढे बसले असते. मी म्हणालो, नियम फार कडक आहेत.

व्हॅन पुढं, मी मागं. माझ्या शेजारच्या सीटवर बटाट्याच्या सॅलडचं पातेलं ठेवायला दिलं होतं. त्याला पट्टा लावला.