रबराच्या पॅडवरचा उजवा हात

सर,

तुम्ही मला विचारलेला शेवटचा प्रश्न होता, "उजवा लागतोय का गं?" आणि मी म्हणाले होते, "नाही, सर." त्यानंतर तुम्ही आठ महिने होतात, पण मला पुन्हा काही विचारलं नाहीत. तुम्हाला जाऊन आता नऊ वर्षं झाली. मी तुमच्यासाठी रडले नाही, फोटोला हार घालायला आले तेव्हाही नाही, आणि आजही रडायचा विचार नाही. दुपारी गिऱ्हाईक नसतं, शटर अर्धं ओढलंय आणि पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहितेय. त्या "नाही"बद्दल लिहायचंय. पण एकदम गाण्यात घुसलेलं तुम्हाला चालायचं नाही, आधी ठेका धर म्हणायचात. तर धरते.

आज सकाळी घोटीकडचं एक जोडपं दुकानात आलं. काका साठीच्या पुढचे, तांदळाचा व्यापार मुलाच्या हवाली करून मोकळे झालेले, आणि आता त्यांना ड्रम शिकायचेत. मोबाइलवर बघून बघून त्यांनी सगळ्यात स्वस्तातलं इलेक्ट्रॉनिक किट हेरून ठेवलं होतं. "शिकणाऱ्याला पुरंल ना हे, ताई? का नुसती फसवणूक हाय?" त्यांच्या शेजारी पिशवी सांभाळत मावशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं माझं डोकं वाजवलं, आता हे वाजवायचंय म्हणे." काका हसले. हा प्रश्न मला आठवड्यातून तीनचारदा येतो, सर, आणि तो आला की तुम्ही माझ्या मानेमागे येऊन उभे राहता. तुमचं उत्तर एका शब्दाचं होतं, "खेळणं." क्लासमधल्या एकाने घरी असलं किट घेतल्याचं सांगितलं, तेव्हा तुम्ही त्याला सगळ्यांदेखत खऱ्या ड्रमवर बसवलंत, दोन मिनिटं ऐकलंत आणि म्हणालात, "याच्यात कुणीतरी सेल घाला रे." आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यात मोठ्याने हसले, कारण त्या दिवशी पाळी माझी नव्हती. तो पुन्हा क्लासला आला नाही.

मी काकांना सांगितलं, घ्या, पण काय घेताय ते समजून घ्या. रबरावर काठी जरा जास्तच उडते, त्यामुळे हात स्वतःला शहाणा समजायला लागतो. झांजेचं पेडल म्हणजे दिव्याचं बटण, उघडं नाहीतर बंद, मधलं काही त्याला कळत नाही. पायाचं पेडल फरशीवर पुढे पुढे पळतं, खाली जाड चटई टाका. हेडफोन वेगळा घ्यावा लागतो. आणि मोठा दोष हा की हलकी काठी यंत्राला आपणहून ऐकूच येत नाही. पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाने खरे ड्रम आणले तर चौथ्या दिवशी सोसायटीचा सेक्रेटरी दारात उभा राहतो, आणि न वाजवलेल्या उत्तम ड्रमपेक्षा रोज वाजवलेलं हे खेळणं बरं. वर्षभर, दीड वर्ष याच्यावर काढा. लय पक्की झाली आणि हौस टिकली, तर मग एखाद्या क्लासात खऱ्या ड्रमवर बसा. हे सगळं मी तुमच्याच सुरात सांगते, हात पाठीमागे बांधून. मला ते कळतं आणि माझा मलाच राग येतो.

तुम्हाला हौस टिकण्याशी काही देणंघेणं नव्हतं. तुमच्या खोलीत सहा फळ्या होत्या, फळीवर स्कूटरच्या टायरचा तुकडा ठोकलेला, आणि पहिले सात महिने ड्रमला हात लावायचा नाही, टायरवर मारायचं. तुम्ही आमच्याकडे पाठ करून चहा पीत बसायचात. कोणी चुकलं की कप खाली ठेवायचात आणि आम्ही सहाही जण गार पडायचो. माझे बाबा प्रेसमध्ये रात्रपाळी करून दुपारी झोपायचे, क्वार्टरच्या दोन खोल्यांत टायरची फळी वाजवायची सोय नव्हती, म्हणून मी उशीवर सराव करायचे. तुम्ही मान न वळवता ओळखलंत. "उशीवर वाजवून आलीस? हात झोपलाय तुझा." मी कारण सांगितलं तर म्हणालात, "मग बापाला सांग, जागा राहा." हे एकोणीस वर्षांच्या मुलीला सांगितलंत, जिचा बाप रात्रभर उभा राहून घरी यायचा. असलं हेडफोनवालं किट तेव्हा माझ्याकडे असतं तर काय झालं असतं, हा विचार मी विकलेल्या प्रत्येक किटबरोबर करते. म्हणजे तुमचं मत चुकीचं होतं, सर. एवढं तरी तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं होतं.

आता त्या उन्हाळ्याचं लिहिते. लग्नसराई, तुमचा ऑर्केस्ट्रा, आज हळद तर उद्या रिसेप्शन. घोटीच्या एका हळदीला तुम्ही मला पहिल्यांदा स्टेजवर बसवलंत, एका गाण्यापुरतं. दुसऱ्या कडव्यात माझा उजवा हात मागे पडला. तुम्ही माझ्या पाठीशी येऊन उभे राहिलात, खांद्यावरून हात घालून आधी डावी काठी काढून घेतलीत आणि वाजवत राहिलात, मग उजवी, आणि गुडघ्याने मला स्टुलावरून बाजूला सारून बसलात. ठेका एका मात्रेने हलला नाही. लोकांना वाटलं ही ठरवून केलेली करामत आहे. शिट्ट्या, टाळ्या, कोणीतरी वन्समोअर ओरडलं. मी स्टेजच्या कडेला खाली बघत उभी राहिले आणि टाळ्या माझ्या अंगावर पडत राहिल्या. परतीच्या टेम्पोत तुम्ही खुशीत होतात. "तुझी चूक लोकांना आवडली. पुढच्या वेळी पण कर." मला वाटलं चेष्टा आहे. पण पुढच्या कार्यक्रमात तुम्ही निवेदकाला सांगून तो आयटमच करून टाकलात. मी बसायचं, दुसऱ्या कडव्यात चुकायचं, तुम्ही काठ्या काढून घ्यायच्या, लोकांनी हसायचं. सीझन संपताना तुला एक पूर्ण गाणं देतो, असं म्हणाला होतात. त्या एका गाण्यासाठी मी आणखी नऊ वेळा चुकले, मुद्दाम, बरोबर त्याच जागी. चुकणं हीसुद्धा सरावाने येणारी गोष्ट आहे हे मला तुम्ही शिकवलंत.

अकरावा कार्यक्रम येवल्याला होता, सीझनचा शेवटचा. मी आठवडाभर उशी फाटेपर्यंत वाजवलं होतं आणि ठरवलं होतं, आज चुकायचं नाही. नाही चुकले. दुसरं कडवं आलं, ठेका पक्का, मधल्या हलक्या काठ्यासुद्धा जागच्या जागी पडत होत्या, ज्यांना तुम्ही ठेक्यातली कुजबुज म्हणायचात. कुजबुज हीच तर तुमची ख्याती होती, ती ऐकायला वाजवणारी माणसं लांबून यायची. बेस गिटारवाल्याने माझ्याकडे बघून मान हलवली. आणि तेवढ्यात तुमचा हात खांद्यावरून आला. डावी काठी गेली. मी उजवी घट्ट धरून ठेवली, तुम्ही बोटं उलगडून ती काढलीत. टाळ्या नेहमीपेक्षा जास्त पडल्या, कारण त्या दिवशी मी खरोखर सोडत नव्हते.

टेम्पोत मी धीर करून म्हणाले, "सर, मी चुकले नव्हते." तुम्ही शेंगदाणे खात बाहेर बघत होतात. "माहितीये. उजवा छान लागत होता आज." मग आणखी एक शेंगदाणा तोंडात टाकून, "पण लोकांना तू वाजवताना बघायची नव्हती, उठवलेली बघायची होती. मी काय करू?" तुम्ही माझं केलेलं तेवढं एकच कौतुक. खोटं तुम्ही कधी बोलला नाहीत, एवढं तुमच्या बाजूने लिहून ठेवते. दुसऱ्या दिवसापासून मी क्लासला आले नाही. पुढे या दुकानात नोकरीला लागले, मालक थकल्यावर दुकान माझ्याकडे आलं, आणि स्टेजवर मी पुन्हा कधी चढले नाही.

मग कितीतरी वर्षांनी तुमच्या घरून काकूंचा फोन आला. तुम्हाला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता, उजवी बाजू गेली होती, आता हात थोडा थोडा हलायला लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, हाताला त्यांच्या आवडीचं काम द्या. काकू म्हणाल्या, "दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात गं. ड्रम लावले तर खालचे लोक वर येतील. तुझ्याकडे ते आवाज न करणारं असतं ना?" मी त्याच दिवशी किट घेऊन आले. भेट म्हणून. आणताना माझं मन स्वच्छ होतं, हे मी कुणापुढेही सांगेन. तुमच्या खोलीत बसून मी सगळे पाइप जोडले, वायरी लावल्या, तुमच्या उंचीला पॅड आणले. तुम्ही खुर्चीतून बघत होतात. तोंड जरा वाकडं झालं होतं, तरी शब्द कळला. "खेळणं." काकूंनी तुमच्या कानांवर हेडफोन चढवला, मी उजव्या मुठीत काठी बसवून बोटं मिटवली. बोटं मिटवताना मला येवला आठवलं. त्याआधी आठवलं नव्हतं.

तुम्ही वाजवायला लागलात. हेडफोनमधला आवाज फक्त तुम्हाला होता, आम्हाला नुसती रबरावरची टकटक. आणि सर, त्या टकटकीत सगळं होतं. डावा ठणठणीत होताच, पण उजवाही येत होता. पिसासारखा हलका, दमलेला, तरी अगदी जागेवर. कुजबुज जशीच्या तशी होती. टायरच्या फळीवर वाढलेल्या माझ्या कानाला ती न कळायला काय झालं? पण तुमच्या कानात फक्त डावा पोचत होता. यंत्राला तेवढी हलकी काठी ऐकू येत नव्हती. तुम्ही थांबलात, पुन्हा मारलंत, उजव्या हाताकडे बघितलंत. मग हेडफोनचा एक कान बाजूला करून मला विचारलंत, "उजवा लागतोय का गं?" तुमचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. तुम्ही मला विचारत होतात. मी ऐकून सांगणार होते आणि तुम्ही मानणार होतात.

मी म्हणाले, "नाही, सर."

तुम्ही काठी मांडीवर ठेवलीत. काकू म्हणाल्या, "पहिलाच दिवस आहे, होईल हळूहळू." तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मी चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि रिक्षाने घरी आले. तुम्ही त्या किटवर पुन्हा बसला नाहीत, काकू त्याच्यावर टॉवेल वाळत घालायच्या. तुम्ही गेल्यावर त्यांनी ते परत पाठवलं आणि मी ते दुकानात ट्रायलसाठी लावलं. गिऱ्हाइकं गेली नऊ वर्षं त्याच्यावरच बसून बघतात.

आज घोटीचे काकाही त्याच्यावर बसले. घाबरत घाबरत दोन काठ्या मारल्या, स्पीकरमधून काही आलं नाही. त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं, अगदी तुमच्यासारखं, आणि मावशींना म्हणाले, "हातात दम नाय राहिला गं." मी पुढे झाले आणि किटच्या डब्यावरचं एक बटण दोनदा दाबलं. त्या बटणाने पॅडचा कान वाढतो. एक ते पाच आकडे असतात, पाचावर ठेवलं की माशी बसली तरी वाजतं. या स्वस्त किटांचा आणखी एक दोष म्हणजे बंद करून चालू केलं की आकडा परत तिनावर येतो, म्हणून रोज सकाळी दुकान उघडलं की माझं पहिलं काम ते बटण दाबणं. आज मधेच लाइट गेली होती म्हणून राहिलं. काकांनी पुन्हा मारलं, खणखणीत वाजलं, ते लहान मुलासारखे खिदळले. मावशी म्हणाल्या, "झालं, आता लय अवघडाय माझं." किट घेऊन ते रिक्षात बसले आणि मी शटर ओढलं.

ते बटण मला तुमच्या खोलीतही माहीत होतं, सर. प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्या मिनिटाला मी तेच दाखवायचे. माझ्या हातापासून ते वीतभर अंतरावर होतं आणि त्यावरचा तीन मला दिसत होता. यंत्रात येत नव्हतं म्हणजे मी खोटं बोलले नाही, अशी स्वतःची समजूत मी बरीच वर्षं घातली. तुम्ही यंत्राबद्दल विचारलं नव्हतं. तुम्ही हाताबद्दल विचारलं होतं, आणि तुमचा हात परत येत होता.

काकू अजून आहेत, दिवाळीला फराळाचा डबा पाठवतात, माझ्यासारखी शिष्या नाही असं सगळ्यांना सांगतात. हे कागद त्यांच्या हाती पडले तर त्या घडी मोडून वाचतील, म्हणून ते दुकानाबाहेर जाणार नाहीत. पॅडच्या रिकाम्या खोक्यात तळाशी ठेवीन. तुमची माफी मागायला बसले होते असं वाटलं होतं, पण तसं नाहीये. उद्या तुम्ही पुन्हा तसेच त्या खुर्चीत बसलात, हेडफोन बाजूला करून मला तसंच विचारलंत, तर या वेळी मी बटण दाबीन. पण लगेच नाही. आधी तुम्हाला, कार्यक्रमामागे एक, अशा अकरा काठ्या मारू देईन.