खुराड्यातला डबा

३ तारीख, सकाळ
आजपासून रोज लिहायचं आणि हात उचलायचा नाही.
सुनेला लाटणं फेकून मारलं त्याला महिना झाला. लागलं नाही, दार मध्ये आलं. तुमच्यामुळे माझी पोर मारकुटी झाली, असं म्हणाली होती. नात बॉक्सिंग खेळते. पहिला ठोसा मी शिकवला, खोटं कशाला बोलू. तेव्हापासून आवाराच्या टोकाला गोदामात राहते. त्या घराचा उंबरा ओलांडणार नाही म्हणजे नाही.
पंधराला नातीची मॅच लाइव्ह आहे. इथे मोबाइलला रेंज नाही. मुलाने जुना कॉम्प्युटर आणून ठेवला. घरातून नेटची वायर ओढू म्हणाला.

५ तारीख
वायरवाला आला. अंतर एकशे साठ मीटर भरलं. म्हणतो, आजी, शंभर मीटरच्या पुढे या वायरचा दम संपतो. मध्ये विजेवरचा डबा बसवू, तो नेट पुढे ढकलेल. मी म्हटलं, वायर आहे की दमेकरी? माझी शिवी इथून रस्त्यापर्यंत जाते, तिला कुठे डबा लागतो? सरळ ओढायला लावली.

६ तारीख
कॉम्प्युटरवर नेटचा दिवा लागेना. सांगितलं होतं, असं वायरवाला म्हणाला. चप्पल हाणली. एकच. फार संयम ठेवला.

८ तारीख
मध्यावर वीज फक्त सुनेच्या कोंबड्यांच्या खुराड्यात. मी मागितली नाही, मुलाने मागितली. डबा तिथे बसला. लगेच चित्र आलं. दोन बाप्ये एकमेकांची नाकं फोडत होते, रक्ताचा थेंब न् थेंब स्वच्छ. बरं वाटलं.

११ तारीख
डबा बघायला गेले तर सुनेच्या कोंबड्याने पोटरी फोडली. मालकिणीचंच वळण. आता तो तरी राहील नाहीतर मी.

१४ तारीख, संध्याकाळ
कोंबड्याला दगड मारला. नेम अचूक होता, मेला ऐन वेळी वाकला. मागे काहीतरी ठण्णकन वाजलं. भांडं असेल.

१५ तारीख, दुपारी चार
पडदा काळा. साडेचारला मॅच. सुनेनेच प्लग काढला, दुसरं कोण? बत्ता घेऊन निघाले. आज डोकंच फोडते.

१५ तारीख, संध्याकाळी सहा
वाटेत खुराड्यात डोकावले. प्लग जागेवर. डबा चेपलेला, शेजारी दगड. दगड ओळखीचा वाटला.
कोंबड्याचंच काम.

बत्ता हातात तसाच, घरापर्यंत गेले.
सुनेने दार उघडलं. बत्त्याकडे बघून म्हणाली, "आत या, सुरू झालंय."
उंबरा मी ओलांडला नाही, पाय आपोआप आत पडला.
नात मार खात होती, ओठ फाटलेला. मी खुर्चीवर चढून ओरडले. सून माझ्याहून घाण शिव्या देत होती. इतकी वर्षं कुठे लपवल्या होत्या कोण जाणे. तेवढ्यात नातीने समोरचीच्या जबड्यावर कोपर हाणलं. ती आडवी. इथे मी टाळ्या वाजवल्या आणि तिकडे रेफरीने नातीला बाद केलं. बॉक्सिंगमध्ये कोपर चालत नाही म्हणे. आधी कोणी सांगायचं?
सून माझ्याकडे वळली. "हे कोपर कोणाचं, आई?"
मी चहा मागितला. तिने केला. साखर कमी होती, पण बोलले नाही.
बत्ता तिथेच राहिला. उद्या आणायला जावं लागेल.