नव्या गाडीला न घाबरण्याचा महिना

३ जुलै, सकाळी ११
गाडी आली. रंग भिजलेल्या उंदरासारखा. किल्ली नाही. किल्लीच्या जागी बटण. ट्रकवरून उतरवून देणारा माणूस म्हणाला, "बाई, ही स्वतःच विचार करते." मी म्हटलं, या घरात विचार करायला मी आहे.

गाडी ओस्वाल्दोने पाठवली. माझा एकुलता एक मुलगा, तिकडे खाली गरम सपाटीवरच्या सांताक्रूझला स्थायिक. फोनवर म्हणाला, "आई, चार ऑगस्टला येतोय. याच गाडीतून विमानतळावर घ्यायला ये. जमलं नाही तर बॅग भर आणि आमच्याकडे राहायला चल. ला पाझच्या चढांवर त्या डबड्यातून एकटीने फिरणं आता पुरे."

डबडं म्हणजे माझी पेता. पेता म्हणजे कासव. तसल्या गोल पाठीच्या गाड्यांना इथे सगळे तेच म्हणतात. एकोणिसशे एकोणऐंशीची. सध्या सेनॉन मिस्त्रीच्या आवारात आहे, 'कार्बोरेटर बघायला'. म्हणजे ओलीस.

संकल्प: महिनाभरात ही नवी बया ताब्यात आणायची. ओस्वाल्दोला विमानतळावरून ऐटीत घरी आणायचं. मग शांतपणे सांगायचं, ही घेऊन जा, माझी पेता परत दे.

घाबरण्यासारखं काही नाही. बत्तीस वर्षं जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत काढली. वकिलांना घाबरले नाही.

५ जुलै
शेजारच्या सीटवर बटाट्याचं पोतं ठेवलं. बया किंचाळायला लागली. म्हणे प्रवाशाने पट्टा बांधलेला नाही. समजावून सांगितलं. ऐकेना. शेवटी बटाट्यांना पट्टा बांधला.

हात गार पडले होते. जुलैत ला पाझला थंडी असतेच.

७ जुलै, दुपारी ४
मागे जाताना पडद्यावर मागचं सगळं दिसतं. शी. कॉन्व्हेंटात मदर अपोलोनिया सांगायच्या, भल्या घरची मुलगी मागे वळून पाहत नाही. पेतात मी एकदाही पाहिलं नाही. ज्याला जिवाची पर्वा आहे तो आपणहून बाजूला होतो.

गॅरेजातून फाटकापर्यंत गेले तर पडद्यावर कॉफीचा कप उगवला, आणि एक बाई बोलली, "तुम्ही थकलेल्या दिसता. विश्रांती घ्या."

पेतात एकच दिवा होता, तेलाचा. तो मी वीस वर्षांपूर्वी चिकटपट्टी लावून बंद केला. त्यानंतर आमच्यात कधी मतभेद झाला नाही.

१० जुलै
सराव केला. बाजारात जाऊन यायचं ठरवलं होतं. फाटकातून पुढचं चाक बाहेर काढलं, तेवढ्यात समोरून कबुतर गेलं. बयेने केवढा आवाज केला! परत आत आले.

इंजिन चालू असलेला वेळ धरला तर बावीस मिनिटं सराव. वाईट नाही.

११ जुलै
शेजारची फिलोमेना कोरडं धुणं न्यायला गच्चीवर आली होती, तिला दोष लगेच दिसला. "अगं हेनोवेवा, हिला आशीर्वाद कुठे मिळालाय? बिनआशीर्वादाची गाडी ऐकेल कशी?"

मलाही तेच वाटत होतं. शनिवारी तलावापलीकडच्या कोपाकबानाला. माउलीच्या चर्चच्या दारात, नव्या गाड्यांना तिथेच आशीर्वाद मिळतो. सेनॉन चालवील. मी देखरेख करीन.

१३ जुलै, कोपाकबानाहून आल्यावर
वाटेत तिकिना गावी तलाव ओलांडताना नेहमीप्रमाणे माणसं छोट्या होडीत, गाडी लाकडी तराफ्यावर. आम्ही होडीतून बघत होतो. चारी बाजूंना पाणी दिसल्यावर बया सगळे दिवे उघडझाप करत ओरडायला लागली. आत कुणी नाही. तलावाच्या मध्यभागी एकटीच. फिलोमेनाने माझा हात धरला. किंवा मी तिचा.

सोहळा मात्र थाटात. पुढच्या जाळीवर ग्लॅडिओलसच्या फुलांचा मोठा हार तारेने पक्का बांधला. कागदी फिती, रंगीत चुरा, दोन्ही बाजूंना बियर ओतली. पाद्र्यांनी तीर्थ शिंपडलं, मलाही थोडं जास्तच. फिलोमेनाने आरशामागे काचेवर माउलीचं चित्र चिकटवलं, रस्ता आधी तिने पाहावा म्हणून.

पडद्यावर अक्षरं आली: "कॅमेरा झाकलेला आहे." बरं झालं. झाकलेलं असणं हे सभ्यपणाचं लक्षण आहे.

परतताना पठारावर, सरळ रिकाम्या रस्त्यावर, बयेने आपणहून करकचून ब्रेक मारला. समोर कुत्रंसुद्धा नव्हतं. फिलोमेना कुजबुजली, "तिला कोणीतरी दिसलं." सेनॉन म्हणाला, "बाई, तो हार तेवढा काढू का?" आम्ही दोघी एकदम त्याच्यावर ओरडलो. माउलीला वाहिलेलं काढतात का? वाळून आपोआप पडेपर्यंत राहू द्यायचं असतं.

घरापर्यंत अजून चारदा थांबली. चारही वेळा समोर कोणी नव्हतं.

१८ जुलै
गल्लीत वीस पावलं नेली. गल्लीतल्याच दिवंगत एवारिस्तो यांच्या दारासमोर ब्रेक. बरोब्बर त्यांच्या दारासमोर. मागल्या वर्षी त्यांच्या अंत्ययात्रेला मी गेले नव्हते.

उतरून दाराला हात जोडले. शेजारधर्म.

उपाय: दुसरा हार. पहिल्यापेक्षा दाट.

१९ जुलै
दोन हारांनी आता फाटकातच ब्रेक मारते.

२२ जुलै
ओस्वाल्दोचा फोन. सराव कसा चाललाय? सांगितलं, रोज शहराच्या पार खालच्या टोकाला, सान मिगेलपर्यंत जाऊन येते. त्याने विचारलं, "रोज?" म्हटलं, रोज. मग म्हणाला, "हं." अभिमान वाटला असावा.

२६ जुलै
मिनीबसने सेनॉनच्या आवारात गेले. पेतात बसले. तोच पेट्रोलचा आणि जुन्या लोकरीचा वास. तिला माझं सगळं माहीत आहे, पण बोलत नाही. नोव्हेंबरातल्या त्या किरकोळ गोष्टीबद्दलही कधी बोलली नाही.

किरकोळच. चढावर गिअर बदलताना गाडी थोडी मागे आली. मागे सालतेन्या, म्हणजे रसदार सारणाच्या भाजलेल्या करंज्या, विकणारीची हातगाडी होती. बाईने उडी मारली, तिच्या सालतेन्यांनी मारली नाही. ती रस्त्यात बसून दोन्ही हातांनी आपले पाय चाचपत होती. पाय ठीक होते. मी शपथेवर सांगते, ठीक होते. पोचा सेनॉनने काढला आणि गप्प राहायचं वचन दिलं.

तेव्हापासून मी घाबरते असं मुळीच नाही. फक्त त्या रस्त्याने जात नाही. आणि चढ असलेल्या बाकीच्या रस्त्यांनी. मग ला पाझमध्ये दोनच रस्ते उरतात.

३१ जुलै
बॅग माळ्यावरून काढली. धूळ पुसायला.

धूळ पुसली आहेच तर दोन सुती झगे ठेवून बघितले. सांताक्रूझची ती मागची खोली डोळ्यांसमोरून जात नाही. खिडकीतून शेजाऱ्याची भिंत. पंख्याची घरघर. डास. आणि सून योबाना रोज सकाळी दारातून विचारणार, "झोप लागली ना, आई?" उत्तर ऐकायला न थांबता.

इथे माझ्या स्वयंपाकघरातून इयिमानी डोंगर दिसतो, बर्फासकट. मी जाणार नाही.

उद्यापासून रोज दोन तास सराव.

१ ऑगस्ट
आज डोकं दुखतंय.

४ ऑगस्ट, संध्याकाळी ६
विमानतळावर गेले नाही. फोनवर सांगितलं, टायरमध्ये हवा कमी आहे. ओस्वाल्दो टॅक्सीने आला. म्हणाला, "चारही टायर ठीक आहेत, आई. गाडी मला सांगते."

मग त्याने आपला फोन टेबलावर ठेवला. बया गेला महिनाभर रोजनिशी लिहीत होती. रोजची, तारीखवार, वेळेसकट. आणि ती माझ्या मुलाला वाचायला पाठवत होती. "हे बघ. तेरा जुलैला एका दिवसात तीनशे दहा किलोमीटर. बाकीच्या सगळ्या महिन्यात मिळून नऊशे मीटर. सान मिगेल कुठे हलवलं, आई?"

बाहेर जाऊन त्याने दोन्ही हार काढले, जाळीत अडकलेला चुरा काढला, माउलीचं चित्र नखाने अलगद सोडवून मागच्या काचेवर लावलं. मला वाटलं, आता वीज पडणार. पडली नाही. बया एकदम गप्प झाली. गाईसारखी शहाणी. फुलांमागे तिला दिसत नव्हतं म्हणे, म्हणून घाबरून थांबायची.

"आता बस. फक्त कोपऱ्यापर्यंत. मी शेजारी आहे."

बसले. पट्टा बांधला. आवाज नाही, दिवा नाही, कबुतर नाही. तक्रार करायला काही शिल्लकच नव्हतं. पाय ब्रेकवर होता. तो उचलायचा होता. उचलेना. ओस्वाल्दोने आपलाही पट्टा बांधला. मग मीच सांगितलं, भीती वाटते म्हणून. सालतेन्यावालीने पाय चाचपले तेही सांगितलं.

तो म्हणाला, "माहीत आहे. सेनॉनने त्याच दिवशी फोन केला होता. ही गाडी चढावर मागे येत नाही, म्हणून तर घेतली."

म्हणजे सेनॉनमध्येही काहीतरी बसवलेलं आहे.

५ ऑगस्ट, सकाळी ८
रीतसर हार मानली. बॅग दारात आणून ठेवली आणि सांगितलं, चल, ने मला तुझ्या मागच्या खोलीत.

ओस्वाल्दो कॉफी पिता पिता थांबला. कानापर्यंत लाल झाला. "आई... मी ते तू पेता सोडावीस म्हणून बोललो होतो. त्या खोलीत मे महिन्यापासून योबानाची आई आहे."

विहीणबाई! माझ्या खोलीत! मला विचारलंसुद्धा नाही. एवढा महिना मी ज्या पंख्याला घाबरले त्याच्याखाली त्या आरामात झोपताहेत.

६ ऑगस्ट
ओस्वाल्दो बया घेऊन परत गेला. विहीणबाई चालवणार म्हणे. सत्तर वर्षांच्या आहेत. सांताक्रूझ सपाट आहे, सपाटीवर कोणीही चालवील. पेता सेनॉनकडेच राहील. शनिवारी जाऊन बसायची परवानगी आहे. किल्लीशिवाय.

बॅग परत माळ्यावर. झगे तसेच आत आहेत.

७ ऑगस्ट
मिनीबसने बाजारात गेले. पुढची सीट, ड्रायव्हरशेजारी. पडदा नाही, बोलणारी बाई नाही, पट्टासुद्धा नाही. अशी असावी गाडी.

पहिल्या उतारावर ड्रायव्हर माझ्या पायाकडे बघून म्हणाला, "आजी, तिथे ब्रेक नाहीये."

मला माहीत आहे. बाजार येईपर्यंत दाबून ठेवला.