मिठागरावर गेलेली लेक

आई,

सध्या दुपारी मी ताईला एक कादंबरी वाचून दाखवते. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून मी रोह्याहून पेणला तिच्याकडे येऊन राहिले आहे. जेवणं उरकली की ती काळा चष्मा लावून पलंगावर भिंतीला टेकून बसते आणि मी खिडकीपाशी खुर्ची ओढून घेते. गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यातून ओल्या रंगाचा वास येतो आणि पंखा तो खोलीभर फिरवत राहतो. पुस्तक इंग्रजी आहे. मी वाचता वाचता त्याचं मराठी करते. ताई मधूनच "मग?" म्हणते, तेव्हा कळतं की ती झोपलेली नाही. कधी कधी मात्र मला वाटतं, आम्ही दोघीही झोपलोय आणि वाचतंय दुसरंच कोणीतरी.

तुला या पुस्तकांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांचा नाद मला तू गेल्यानंतर लागला. ग्रीस म्हणून एक देश आहे, समुद्राकाठचा. त्यांच्याकडेही आपल्यासारख्या देवादिकांच्या फार जुन्या गोष्टी आहेत, रुसणारे देव, शाप, समुद्रात भरकटलेली गलबतं. आता त्याच गोष्टी नव्याने कादंबऱ्यांतून लिहिल्या जातात. बहुतेक बायकाच लिहितात, आणि जुन्या गोष्टीत जिच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ आली होती ती बाई या पुस्तकांत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोलते. राजा लढाईवरून परत कसा आला हे जुन्या गोष्टीत असतं. तो येईपर्यंत घरी बसलेल्या बाईचं काय झालं, हे इथे वाचायला मिळतं. मी कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला होते तेव्हा असं पहिलं पुस्तक हाती आलं, मग मी मागवून मागवून वाचत गेले. सगळीच काही चांगली नसतात. काहींतल्या राण्या अगदी आजच्या मुलींसारख्या तावातावाने भांडतात, आपल्याला कोणी तरी वाचतंय हे जणू त्यांना ठाऊकच असतं. पण एखादं असं निघतं की ते मिटून ठेवल्यावर स्वयंपाकघरात आपण काय करायला आलो होतो तेच आठवत नाही.

ताईला वाचून दाखवते ती गोष्ट धान्याच्या देवीची आहे. तिची एकुलती एक लेक रानात फुलं वेचायला जाते आणि जमीन फाटून पाताळाचा राजा तिला घेऊन जातो. देवी लेकीला शोधत गावोगाव हिंडते. लेक सापडत नाही म्हटल्यावर ती हात आखडून बसते, आणि जगात एक दाणा पिकत नाही. शेवटी देवांना नमावं लागतं. पण लेकीने पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्लेले असतात, आणि तिथलं खाल्लं की तिथलंच व्हावं लागतं. मग तोडगा निघतो. वर्षातले काही महिने ती तिकडे राहील, काही महिने आईकडे येईल. ती आली की शेतं हिरवी होतात.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रोह्याच्या घरात खिडकीशी बसले होते. ही गोष्ट मला आधीच ठाऊक होती. मी ती आपल्या गावी, गडबला, ओटीवर बसून पाहिली होती.

होळी झाली आणि ताई गेली. पावसाळ्याआधी गाडीतून मीठ विकायला यायचा तो खाडीकडचा मुलगा, त्याच्याबरोबर. तो आपल्यातला नव्हता. काकांनी अंगणात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पळून गेली. आता या घरात तिचं नाव नाय." बाबांचंही तेच म्हणणं होतं. तू चुलीपुढे बसून होतीस, भाकरी करपत होती आणि तुझं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझा हात धरून तू एसटीत बसलीस. आपण पेणच्या बाजारात फिरलो, मग रोह्याला मावशीकडे, मग पुन्हा पेणला. जी दिसेल तिला तू विचारायचीस, "उंच पोर, कपाळाला वण हाय, बघितली काय गो?" शेवटी सुकी मासळी विकणाऱ्या एका म्हातारीने सांगितलं, अशी पोर मिठागरावर नवी आलीय म्हणून.

आपण त्या म्हातारीच्या मागून बांधावरून चालतोय. माझ्या आठवणीत तो बांध कधी संपतच नाही. एका बाजूला खाडीचं पाणी, दुसऱ्या बाजूला मिठाचे चौकोन, त्यांत आभाळ पडलेलं. आपल्याकडे कुठेही बघ, काहीतरी उगवलेलं असतं. इथे गवताची काडी नाही. पांढरे ढीग उन्हात असे पेटलेले की डोळे मिटले तरी दिसतात. तू मला म्हातारीच्या टोपलीपाशी बसवलंस आणि एकटीच झोपड्यांकडे गेलीस. म्हातारीने मला बोरं दिली. मी तुझं लुगडं लहान लहान होत जाताना पाहत होते, मग ते त्या पांढऱ्यात विरून गेलं.

परत आलीस तेव्हा तुझे पाय पोटऱ्यांपर्यंत पांढरे होते. "भेटली?" मी विचारलं. "नाय," तू म्हणालीस. घरी येऊन मात्र तू पहिल्यांदा तो शब्द काढलास. काकांच्या समोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "माझी पोर पळाली नाय. तिला नेली. फसवून नेली."

पुढचं सगळ्या गावाने पाहिलं. पाऊस पडला, रोपं वर आली, आवणीचे, रोपं खाचरात लावायचे दिवस आले आणि तू ओटीवर भिंतीला टेकून बसून राहिलीस. आपल्या शेतात पहिली ओळ नेहमी तू लावायचीस, तुझ्या मागून बाकीच्या बायका चिखलात उतरायच्या. त्या आल्या, अंगणात थांबल्या, आणि तू म्हणालीस, "माझी पोर आणून द्या, मंग मी पाय टाकतो चिखलात." बाबा ओरडले. काकांनी दुसऱ्या बायका आणायचं बघितलं, पण गावातली एकही यायला तयार होईना. रोपं जून व्हायला लागली. रोज सकाळी बाबा खाचरापर्यंत जायचे, बांधावर उभे राहायचे आणि परत यायचे. एका सकाळी ते खाचराकडे गेलेच नाहीत. छत्री घेऊन खाडीकडच्या रस्त्याला लागले आणि संध्याकाळी ताईला घेऊन आले. तू उठलीस, तिच्या अंगावरून हात फिरवलास, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघी कमरेत वाकून शेजारी शेजारी आवणी करत होतात. पाऊस इतका होता की तुमची इरली तेवढी दिसत होती.

त्यानंतर दर वर्षी तसंच झालं. पावसाळ्यात मिठागर बंद, ताई आपल्याकडे. दिवाळी झाली की ताईचे यजमान तिला न्यायला यायचे. अंगणात जांभळीखाली उभे राहायचे, ओटी चढायचे नाहीत. कोणी चढा म्हणायचंही नाही. त्यांना पाणी द्यायला तू मला पाठवायचीस आणि मी तांब्या लांबूनच ठेवून पळून यायचे. मला ते त्या पांढऱ्या जमिनीखालून वर आल्यासारखे वाटायचे.

आता पुन्हा त्या पुस्तकाकडे येते. या कादंबरीत लेक स्वतः बोलते. कालच्या दुपारी मी तो भाग वाचत होते. ती म्हणते, दाणे कोणी माझ्या तोंडात कोंबले नाहीत. मला भूक होती, ते गोड होते, आणि खाल्ल्यावर काय होणार हे मला ठाऊक होतं. मी एवढं मराठीत केलं आणि ताई हसली.

"बरोबर हाय," ती म्हणाली.

"काय बरोबर?"

"तिनंच खाल्ले असतील. मी पन आपल्या पायानं गेले."

मी पुस्तकात बोट घालून ते मिटलं. काळ्या चष्म्यामुळे तिचे डोळे दिसत नव्हते. "ताई, आई तर म्हणायची..."

"आई म्हणायची ते आईनं रचलेलं." तिने उशी सरळ केली. "तू बोरं खात बसली होतीस ना, तवा ती आली माझ्याकडं. मी फावडं घेऊन उभी, हाताला चिरा पडलेल्या, आन् मी हसत होते. तिला म्हटलं, आई, मला कोनी आनली नाय, मी आले. मला ह्यो मानूस आवडतो. मला वाटलं, आता थोबाडीत बसंल."

"मग?"

"ती माझे हात बघत राहिली. मंग म्हणाली, ह्ये कोनाला सांगू नको. नेली, असंच सांगायचं. नेलेली पोर लोक परत घरात घेतात गो, गेलेलीला नाय घेत. आन् मला तू घरात पायजेस." ताईने दाराकडे मान वळवली. "मंग ह्यांना म्हणाली, तुझ्या नावावर आळ येल. जन्मभर. चालंल?"

"ते काय म्हणाले?"

"चालंल म्हणाले. दुसरं काय म्हणनार? तवा कुठं काय जास्ती बोलायचे."

खाली कारखान्यात कोणीतरी रेडिओ लावला आणि लगेच बंद केला. मी आयुष्यभर देवळात, लग्नात, बाजारात ऐकत आले होते की याने पोर पळवली. बाबा गेले तेव्हाही ताईचे यजमान स्मशानात सगळ्यांच्या मागे उभे होते. एवढी वर्षं ते तो आळ अंगावर वागवत होते, का, तर बायकोला चार महिने माहेर मिळावं. आणि तू, कधी शाळेची पायरी न चढलेली, उन्हात मिठात उभी राहून एवढ्या लहानशा वेळात अख्खी गोष्ट फिरवलीस. पुढे तीच गोष्ट गावाने खरी म्हणून सांगितली.

तेवढ्यात ते आत आले, डोळ्यात टाकायच्या औषधाची बाटली घेऊन. वय झालंय, हात थरथरतात, म्हणून ते आधी एक हात भिंतीला टेकवतात. ताईने चष्मा काढून मान मागे केली. "हलू नकोस," ते म्हणाले. थेंब पडला. ती डोळा मिटून बसली आणि त्यांनी तिच्याच पदराच्या टोकाने तिचा गाल पुसला.

"भाऊजी," मी म्हणाले. ही हाक मी त्यांना कधी मारलेली नव्हती. बोलायची वेळ आलीच तर "अहो" म्हणून भागायचं.

त्यांनी वळून पाहिलं. "काय?"

मी बोट घातलेलं पान उघडलं. "बसा ना. पुढचं वाचते, तुम्हीपण ऐका."

"माझं काय काम त्यात," ते म्हणाले, पण दाराजवळच्या स्टुलावर बसले. मी वाचायला लागले. पाताळाचा राजा त्या पुस्तकात फारसा बोलत नाही. तो दिवे लावतो, आणि लेक वर जायला निघाली की दारापर्यंत येऊन थांबतो. एवढ्यावर आले तेव्हा भाऊजींना डुलकी लागली होती. ताई मात्र जागी होती. म्हणाली, "हा चांगला हाय गो, ह्याचं अजून वाच."

वाचताना एक लक्षात आलं. मी मराठी करते तेव्हा त्या देवीच्या तोंडी आपोआप तुझी बोली येते. ती ढगांतून हिंडते आणि "कुठं गेलीस गो पोरी" म्हणते. लिहिणारीला कळलं तर ती काय म्हणेल कोण जाणे. ताईने एकदाही हरकत घेतली नाही.

आज पुस्तक संपलं. ताई झोपली आहे आणि मी हे लिहिते आहे. लिहून झालं की फाडून टाकीन. तुला पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं, कारण ते गुपित तू तिच्याजवळ ठेवलंस, माझ्याजवळ नाही, आणि मला ते कळलं हे तुला कळू नये असंच वाटतं.

फक्त एक गोष्ट. मी या जुन्या गोष्टीवरच्या जेवढ्या कादंबऱ्या वाचल्या त्यांत आई बोलते, लेक बोलते, एकीत तर ते डाळिंबाचं झाडसुद्धा बोलतं. पण देवीला घरी राहिलेली दुसरी लेक असल्याचं कोणीच लिहिलेलं नाही. दिवाळीनंतर ताई गेली की तू भांडी घासताना रस्त्याकडे बघायचीस, बाजारातून आलीस की आधी तिचं लुगडं टांगायच्या खुंटीकडे बघायचीस, आणि मी तिथेच असायचे, तुझ्या मागे, शाळेची पाटी घेऊन. मला तेव्हा फार वाटायचं, आई, की मलाही कोणी तरी न्यावं. म्हणजे तू मलाही शोधत फिरशील, एकेकीला थांबवून माझ्या खुणा सांगशील. त्या तुला कोणत्या आठवल्या असत्या, तेवढंच मला ऐकायचं होतं. पण मी गेले ती फक्त रोह्यापर्यंत, तुला सांगून, तूच बांधून दिलेला डबा घेऊन.