टेक्सासला लागलेलं कुंकू

१८ ऑक्टोबर २०१८, दसरा
आजपासून रोज लिहायचं. शाळा पाचवीत सुटली म्हणून काय झालं, अक्षर माझं चांगलं आहे.

सानिकाचा फोन आला. एप्रिलनंतर पहिल्यांदा बोलणं झालं. खरं तर तिच्या भावाला, अद्वयला आला होता, मी त्याच्या हातातून हिसकावला. म्हटलं, लग्नानंतरची पहिली दिवाळी, जावयाला घेऊन दिवाळसणाला ये. म्हणाली, इथे टेक्सासमध्ये इलेक्शन आहे आई, मी प्रचारात आहे, नंतर बघू.

म्हणजे येणार. सहाला मतदान, सातला विमान, आठला पाडवा. देवानेच तारखा जुळवल्यात.

अद्वय त्याच्या त्या आयरिश इंग्लिशमध्ये म्हणाला, मॅम, ती फक्त बघू म्हणाली. इथली आयरिश पोरं आईला मॅम म्हणतात, तेच याने उचललंय. या पोराला भावाची माया नाही.

२० ऑक्टोबर
नवऱ्याचं म्हणणं, सानिका तुझ्यावर रागावली आहे. प्रताप दिवसभर एअरपोर्टच्या किचनमध्ये कांदे चिरतो, तिथेच सुचतं असलं. कशाला रागवेल? एप्रिलमध्ये तिने तिकडेच लग्न केलं, व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तो वेस्ली नमस्ते म्हणाला, आणि फोन कणकेच्या परातीत उपडा पडला. पडला. मी टाकला नाही. नंतर तिचे फोन आले ते घेतले नाहीत, कारण हात कणकेचे होते.

ती बोलत नाही ते इलेक्शनमुळे. मग इलेक्शनचाच अभ्यास करायचा. बोलायला विषय होईल.

२२ ऑक्टोबर
अद्वयकडून टेक्सासचा नकाशा काढून घेतला आणि किचनमधल्या प्रेसच्या दारावर चिकटवला. इथले लोक कपाटाला प्रेस म्हणतात, आता मीही म्हणते. सानिकाचा पक्ष निळा, समोरचे लाल. निळ्याला अद्वयचं पेन, लालला कुंकू.

तासाभरात सगळं कळलं. कॉलेज लागतं कशाला? आपला महाराष्ट्रच आहे तो. मुंबईचं एक, कारखान्याच्या उसाच्या पट्ट्याचं दुसरं, विदर्भाचं तिसरंच. तसं तिथे मोठी शहरं निळी, गावं लाल. खाली नदीकाठी मेक्सिकोकडचे लोक, ते सानिकाचे, पण मतदानाला घरातून निघत नाहीत. शहराबाहेरच्या नव्या कॉलन्या, आम्ही राहतो त्या स्वोर्ड्ससारख्या, त्या आधी लाल होत्या, आता डळमळतायत. वर उत्तरेला कापूस आणि गाई. पक्के लाल. वेस्लीची आई तिथलीच.

अर्धी डबी कुंकू विरोधी पक्षाला गेलं.

२८ ऑक्टोबर
सानिकाला लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला. म्हटलं, शहरांत नाचू नका, ती तुमचीच आहेत. नदीकाठी जीप लावा, माणसं उचलून न्या. आमच्या गावात सरपंच लावायचा.

उत्तर आलं. अंगठा. अंगठा म्हणजे हो.

इथल्या ओळखीची पद्मजा आली होती. तिचा नवरा ग्रँड कॅनाल डॉकला मोठ्या कंपनीत, त्यामुळे नाक वर. म्हणाली, काय गं, तिकिटं काढली का त्यांनी? म्हटलं, तुझ्या चकल्या मऊ पडतात, आधी ते बघ.

५ नोव्हेंबर, धनत्रयोदशी
बॉक्सरूम, म्हणजे ती सामानाची छोटी खोली, आवरली. जावई सहा फुटांच्या वर आहे म्हणे, पाय बाहेर येतील, म्हणून गादीपुढे स्टूल लावलं. अनारशांचा पहिला घाणा तुपात विरघळला. आयरिश तूप. आरशासमोर वेलकम वेस्ली, हाऊ आर यू म्हणून बघितलं. ग्रँड जमलं.

६ नोव्हेंबर
पहाटे आंघोळी झाल्या. तिथे आज मतदान. देवाला म्हटलं, तिच्या पक्षाचा माणूस जिंकू दे. मग वाटलं, जिंकला तर तिला तिथेच ठेवून घेतील. म्हटलं, हरू दे. मग तेही बरं वाटेना. शेवटी म्हटलं, तूच बघ, परवा पाडवा आहे.

७ नोव्हेंबर
हरला. थोडक्यात. गावांनी पाडला, मी म्हटलंच होतं. वाईट झालं. पण मोकळी झाली पोरगी.

फोन लागत नाही. म्हणजे विमानात.

८ नोव्हेंबर, पाडवा
पहिल्या बसने एअरपोर्टला गेले. ओवाळायचं ताट फॉइलने झाकून नेलं. अमेरिकेची विमानं सकाळीच उतरतात. एक उंच गोरा बाहेर आला, माझ्याकडे बघून हसला. मी फॉइल काढलं, वेलकम वेस्ली म्हटलं. वाटलं, सानिका मागून बॅगा आणत असेल. तो सॉरी म्हणून निघून गेला. मग लक्षात आलं, वेस्ली दिसतो कसा ते मला नीट ठाऊकच नाही, फोन आधीच परातीत पडला होता.

दुपारी प्रताप ड्युटीवरून तसाच आला, ॲप्रनमध्येच. माझ्या हातातलं ताट घेतलं आणि म्हणाला, चल.

तिकीट मिळालं नसेल. दिवाळीत गर्दी असते.

२३ नोव्हेंबर
मधे लिहिलं नाही. कामं होती.

काल तिथे त्यांचा तो टर्कीचा सण झाला. अद्वयच्या फोनवर फोटो दिसला. उत्तरेचं गाव. वेस्लीच्या आईच्या अंगणात विरोधी पक्षाचा लाल बोर्ड, अजून काढलेला नाही. त्या बोर्डापुढे सानिका सासूच्या गळ्यात हात टाकून उभी. हातात ताटली. ताटलीत अनारसे. माझ्यासारखेच, एका बाजूने जास्त तळलेले.

वेस्ली चांगला दिसतो. कान थोडे मोठे.

अद्वयला म्हटलं, त्या बाईने हिच्या माणसाविरुद्ध मत दिलं, आणि ही तिच्याकडे सणाला जाते? माझं तर सानिकाशी काही वाकडं नाही. मी अर्धा महिना त्यांच्या गावांची नावं पाठ केली.

अद्वयने फोन खिशात ठेवला. मग चक्क मराठीत म्हणाला, आई, ती लग्नाला आली होती.

म्हटलं, मीही होते. फोनवर.

प्रेसच्या दारावरचा नकाशा काढला. कागद निघाला. कुंकू दारात मुरलंय, पुसून निघत नाही.

त्या बाईने विरुद्ध मत दिलं. मी कुठे दिलं? मला तर तिथे मतच नाही.